नाव घालणे आणि नाव राखणे : मोमाडे यांच्या दोन पुस्तकांविषयी

मराठीत मुलास शाळेत दाखल करण्यास 'नाव घालणे' असे म्हणतात. या वाक्प्रचाराकडे आम्ही तीस वर्षे कधी थांबून पाहिले नाही. शाळेत मुलाचे सर्व काही येते. त्याची पाटी येते, दप्तर येते, घरचे बोलणे येते. परंतु भाषेने निवडले ते नाव. गेल्या वर्षी नाताळच्या सुटीत आम्ही एन. स्कॉट मोमाडे या अमेरिकन लेखकाची दोन पुस्तके पुन्हा एकवार वाचली, आणि हा वाक्प्रचार आमच्या मनातून जाईना. मोमाडे हे कायोवा नावाच्या, अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या एका लहानशा जमातीचे. २०२४ च्या जानेवारीत, नव्वदीच्या उंबरठ्यावर असता, सांता फे येथे ते वारले. 'हाउस मेड ऑफ डॉन' या कादंबरीस १९६९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. परंतु आम्हांस येथे ज्यांविषयी लिहावयाचे आहे ती पुस्तके निराळी : 'द वे टू रेनी माउंटन' (१९६९) व 'द नेम्स' (१९७६). पहिल्यात एका जमातीची वाटचाल आहे. दुसऱ्यात एका कुटुंबाची. आणि ते कुटुंब शिक्षकांचे आहे. मोमाडे यांस द्रष्टा, ऋषी, प्राचीन वाणीचा वारस अशी विशेषणे लावणारे पुष्कळ आहेत. पण हा मनुष्य दोन खेड्यातल्या मास्तरांचा मुलगा होता, हे त्या विशेषणांच्या गर्दीत मागे पडते. शिक्षकांसाठी निघणाऱ्या या नियतकालिकात तरी ते पुढे आणावे, म्हणून हा लेख.

प्रथम कुटुंबाची ओळख. वडील आल्फ्रेड मोमाडे, जन्म १९१३, ओक्लाहोमा प्रांतातील कायोवा कुटुंबात. त्यांची मातृभाषा कायोवा, व्यवसाय चित्रकाराचा आणि पोटाचा उद्योग शिक्षकाचा. आई नाताची स्कॉट, केंटकी प्रांतातील. तिच्या घराण्यात दूरच्या एका पिढीत चेरोकी रक्त आले होते, एरवी घर गोऱ्यांचेच. तरुणपणी तिने त्या चेरोकी पणजीचे नाव स्वतःस घेतले, मूळ रहिवाशांसाठी असलेल्या हॅस्केल येथील विद्यालयात जाऊन शिकली, आणि कायोवा तरुणाशी विवाह केला. सासरी तिचे स्वागत प्रारंभी फारसे मनापासून झाले नाही. पुढे तीही लेखिका झाली. १९६५ साली तिचे एका नव्हाहो मुलावरील बालांसाठी लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३४ च्या फेब्रुवारीत लॉटन येथे त्यांस मुलगा झाला. त्यानंतर नोकरीच्या मागे फिरत हे तिघे नव्हाहो मुलखात राहिले. महायुद्धाच्या काळात हॉब्ज या गावी, जेथे विमानदळाचा तळ होता तेथे, राहिले. आणि १९४६ साली न्यू मेक्सिको प्रांतातील जेमेझ या पुएब्लोत, म्हणजे मातीच्या घरांच्या पुरातन वस्तीत, येऊन स्थिरावले. तेथील सरकारी दिवसशाळेत पतिपत्नींनी सुमारे पाव शतक शिकवले. मुलगा त्या वेळी बारा वर्षांचा होता.

दिवसशाळा हा शब्द आम्ही हेतुपूर्वक वापरला, कारण त्याच्या मागे इतिहास आहे. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ साली मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी वसतिशाळा निघाली. तिचा संस्थापक रिचर्ड प्रॅट हा लष्करी अधिकारी. त्यापूर्वी फ्लोरिडातील किल्ल्यात ज्या कैद्यांवर त्याची देखरेख होती त्यांत कायोवा योद्धेही होते. माणूस वाचवावयाचा तर त्याच्यातला इंडियन मारला पाहिजे, अशा अर्थाचे त्याचे १८९२ सालचे उद्गार प्रसिद्धच आहेत. त्या शाळांत मुलांचे केस कापत, भाषा बंद करीत, आणि नवे नाव देत. कायोवा मुलखातही रेनी माउंटन या टेकडीजवळ १८९३ ते १९२० अशी एक वसतिशाळा चालली. वसतिशाळेत मूल घरातून उचलले जाई. दिवसशाळेत ते संध्याकाळी घरी परते. भेद एवढाच दिसतो, पण तो केवढा मोठा आहे हे शिक्षकास सांगावयास नको. तरीही दोन्ही शाळा एकाच सरकारी खात्याच्या. ज्या खात्याने आजोबांच्या पिढीची नावे बदलली, त्याच खात्याच्या हजेरीपटावर नातवाचे आईबाप सही करीत होते. हे विचित्र नाते 'द नेम्स' या पुस्तकाच्या तळाशी आहे. वर ते फार येत नाही, आणि हीच आमची त्या पुस्तकाविषयीची मुख्य तक्रार आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

नावाची गोष्ट घेऊ. आजोबांचे नाव मॅमेडाटी. त्याचा अर्थ वर चालणारा, आकाशात चालणारा असा सांगतात. कायोवांत आडनाव नव्हते. एका माणसास एक नाव. ते आडनाव झाले ते सरकारी कागदांच्या सोयीसाठी. आणि आल्फ्रेड यांनी ते आखडून मोमाडे असे केले. म्हणजे ज्या नावाने आज जग या लेखकास ओळखते ते एका माणसाच्या स्वतःच्या नावाचे कागदोपत्री झिजलेले रूप आहे. दुसरे नाव जन्मानंतर थोड्याच महिन्यांत मिळाले : त्सोआय-टाली, म्हणजे शिळावृक्षाचा मुलगा. वायोमिंग प्रांतात एक प्रचंड खडक उभा आहे, सरळ, उंच, अंगावर उभ्या रेघा असलेला. गोरे लोक त्यास डेव्हिल्स टॉवर म्हणतात. कायोवांची कथा अशी की, सात बहिणी आणि एक भाऊ खेळत असता भाऊ अस्वल झाला व बहिणींच्या मागे लागला. त्या एका झाडाच्या बुंध्यापाशी आल्या, बुंधा बोलला, त्या वर चढल्या, आणि तो वाढत वाढत आकाशाला भिडला. अस्वलाने नख्यांनी त्याची साल ओरबाडली, त्याच त्या रेघा. बहिणी आकाशात सप्तर्षी होऊन राहिल्या. आमच्याकडे तेथे सात ऋषी बसले आहेत, त्यांच्याकडे सात बहिणी. ही तुलना कोणाही मराठी वाचकास सुचेल, आणि ती सुचून तेथेच राहू द्यावी. या कथेतील त्या भावाचे पुढे काय झाले हे कथा सांगत नाही. मोमाडे यांस जन्मभर तोच प्रश्न पुरला.

नाव ठेवणारा म्हातारा पोडलोक. लेखकाच्या पणजीचा हा दुसरा नवरा. त्याच्याजवळ सरकारी हिशेबाची एक वही होती आणि तीत तो आपल्या लोकांचा इतिहास चित्रांनी लिहीत असे. प्रत्येक वर्षाची एखादी खूण, एखादी घटना. वहीचा आरंभ १८३३ च्या नोव्हेंबरातील तारे पडल्याच्या रात्रीपासून. त्या रात्री उल्कांचा जो वर्षाव झाला तो सर्व उत्तर अमेरिकेने पाहिला. ही वही म्हणजे आमच्या परिभाषेत शकावलीच. जेधे शकावलीत जसे तिथी व एका ओळीची नोंद, आणि त्या ओळीमागचे सर्व काही सांगणाराच्या मुखात, तसेच हे. जेम्स मूनी या संशोधकाने कायोवांच्या अशा शकावल्या जमवून १८९८ साली छापल्या. मोमाडे यांनी त्या ग्रंथाचा पुष्कळ उपयोग केला आहे.

नामकरणाच्या दिवशी पोडलोकच्या मनात काय चालले होते, तो कसा उठला, वही कशी उघडली, मुलास हातांत घेऊन काय बोलला, हे सारे 'द नेम्स' मध्ये सविस्तर येते. लेखक त्या वेळी काही महिन्यांचे अर्भक होता! हे त्यास कसे कळले, असे एखादा इतिहासाचा शिक्षक विचारील, आणि विचारणे योग्यच आहे. आम्हीही पहिल्या वाचनात समासात प्रश्नचिन्ह केले होते. दुसऱ्या वाचनात ते खोडले. कारण पोडलोकची स्वतःची रीतच ती होती. वहीत चित्र एक. बाकी सर्व, चित्र दाखवीत सांगावयाचे. नातवाने आपल्या नामकरणाचे चित्र तसेच सांगितले. वही ज्याने लिहिली त्याच्या रीतीने त्याचे चरित्र लिहिणे यात लबाडी नाही. मात्र लेखकाने हे लपवले असते तर ती लबाडी झाली असती. मोमाडे लपवीत नाहीत. आपण कल्पना करीत आहो हे ते वाचकास उघड दिसू देतात.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सीमाभागातील एका शाळेत आम्ही पहिलीच्या वर्गावर होतो. एक मुलगा आला, नाव यल्लाप्पा. त्या काळी आम्हां तरुण शिक्षकांत एक सुधारकी उत्साह असे; मुलास चारचौघांत शोभेल असे नाव असावे म्हणून आम्ही जनरल रजिस्टरात त्याचे नाव अनिल असे घातले. बापाने मान डोलावली. चार दिवसांनी त्याची आजी शाळेच्या पायरीशी येऊन बसली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "मास्तर, त्येच्या आज्ज्याचं नाव हुतं ते. तुमी पुसलासा की." रजिस्टरातील नोंद बदलावयाची तर वर अर्ज करावा लागे, आणि आम्ही तो केला नाही. मुलगा अनिल म्हणूनच शाळा सोडून गेला.

असो. 'द नेम्स' या पुस्तकाचे चार भाग, प्रारंभी प्रस्तावना व शेवटी उपसंहार. सोबत वंशवृक्ष आणि घराण्यातील जुनी छायाचित्रे. पहिल्या भागात पूर्वज येतात, आईच्या बाजूचे केंटकीतले आणि वडिलांच्या बाजूचे ओक्लाहोमातले. दोन्ही घराणी सारख्याच मायेने रंगवली आहेत, हे लेखकाचे मोठेपण. त्यातील अंध पणजीची भेट ही आम्हांस सर्व पुस्तकातील अत्यंत कोमल जागा वाटते. लहान मुलास तिच्यापुढे नेले जाते, ती त्यास पाहू शकत नाही, आणि तिच्या हातांचा मऊ स्पर्श तेवढा त्याच्या स्मरणात राहतो. एका पिढीने दुसरीस हाताने वाचले. यास भाष्याची गरज नाही, आणि लेखकही ते करीत नाही.

तिसऱ्या भागात मात्र लेखक वाहवला आहे. हॉब्ज येथील बालपणाचे काही वर्णन विरामचिन्हांविना, मनात येईल तसे, पाने भरून वाहत जाते. बालमनाचा ओघ दाखवावा हा हेतु समजतो. पण ही युक्ती त्या वेळी इंग्रजी कादंबरीत जुनी होऊन गेली होती, आणि जो लेखक एका छोट्या वाक्यात डोंगर उभा करतो त्याने दुसऱ्याच्या तालमीत शिकलेले हात करून दाखवावे याचे आम्हांस वाईट वाटले. आम्ही संपादक असतो तर हा मजकूर निम्मा केला असता.

चवथा भाग जेमेझचा. तांबड्या कड्यांची दरी, घोड्यावरची रपेट, हिवाळ्यातील नाच, नोव्हेंबरातील सान दिएगोचा उत्सव. या पुएब्लोत १८३८ साली पेकोस नावाच्या ओसाड पडलेल्या गावचे उरलेले मूठभर लोक आश्रयास आले होते, आणि त्यांचाही एक उत्सव ऑगस्टच्या आरंभी तेथे अद्याप होतो. आश्रित मंडळींनी आपली नावनिशाणी यजमानाच्या गावात जपली आणि यजमानांनी जपू दिली, असे दृश्य सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी मोमाडे यांनी मुलाच्या डोळ्यांनी पाहिले. आणखी एक योग असा की, जेमेझची तोवा भाषा आणि कायोवा भाषा या एकाच भाषाकुलातील आहेत. मैदानातील घोडेस्वार जमात आणि डोंगरपायथ्याशी मका पिकवणारे गाव, यांच्यात वेषाचे साम्य नाही, देवाचे नाही, घराचे नाही; भाषेचे आहे, आणि तेही इतके जुने की बोलणारास एकमेकांचे काही कळू नये. कायोवा मास्तर जेमेझच्या मुलांस इंग्रजी शिकवीत होता. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, "मग सर, ते घरी कोणत्या भाषेत बोलत?" इंग्रजीतच, कारण आईस कायोवा येत नव्हती, आणि मुलासही ती पुरती आली नाही.

आता ती तक्रार. आईबाप पाव शतक ज्या वर्गात उभे राहिले त्या वर्गात हे पुस्तक आम्हांस हवे होते त्याहून फार कमी थांबते. शाळेचे घर दिसते, कड्याखालची जागा दिसते, वडिलांची चित्रे दिसतात. परंतु वडिलांनी फळ्यापुढे उभे राहून ज्या भाषेत स्वतः लहानपणी विचार केला नाही त्या भाषेत दुसऱ्या जमातीच्या मुलांस शिकवले, त्यांस त्या वेळी काय वाटले असेल? मुलांच्या नावांचे त्यांनी काय केले? आपल्या नामकरणाच्या दिवसाची इतकी समृद्ध कल्पना करणाऱ्या लेखकास बापाच्या एका तासाची कल्पना करणे कठीण नव्हते. मुलास वडील चित्रकार म्हणून प्रिय आहेत, कथा सांगणारे म्हणून प्रिय आहेत. मास्तर म्हणून ते त्यास तितकेसे दिसले नाहीत. शिक्षकांच्या मुलांचा हा अनुभव सार्वत्रिक असावा. आमच्या घरीही फारसे निराळे नाही.

'द वे टू रेनी माउंटन' हे पुस्तक याहून फार लहान, आणि आमच्या मते फार मोठे. त्याची रचना अशी : चोवीस लहान प्रकरणे, प्रत्येकात तीन परिच्छेद. पहिला कायोवांच्या कथेचा. दुसरा इतिहासाचा, कोणा प्रवाशाच्या किंवा संशोधकाच्या टिपणासारखा कोरडा. तिसरा लेखकाच्या स्वतःच्या किंवा घरच्या आठवणीचा. मध्ये मध्ये वडिलांनी काढलेली काळी-पांढरी चित्रे. आजी वारल्यावर लेखक यलोस्टोनच्या उगमाकडून दक्षिणेस तिच्या थडग्यापर्यंत, आपल्या लोकांच्या जुन्या वाटेने, दीड हजार मैल आला. त्या प्रवासाचे हे पुस्तक. आजीचे नाव आहो. मराठी वाचकास हे नाव वाचताना हसू येईल ते येऊ द्यावे. ते लवकरच मावळते. कायोवांचा शेवटचा सूर्यनृत्याचा सोहळा १८८७ साली वॉशिता नदीकाठी झाला, तो तिने सातव्या वर्षी पाहिला होता. १८९० च्या जुलैत लोक पुन्हा जमले, तेव्हा फोर्ट सिलहून सैनिक आले आणि सोहळा होऊ दिला नाही. ती मुलगी त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षे जगली. एका देवाचा लोप पाहून ती ख्रिस्ती झाली, आणि म्हातारपणी प्रार्थना मात्र कायोवा भाषेत करी. नातवास ते शब्द समजत नसत, सूर समजे.

आहोने उत्तरेचे डोंगर कधी पाहिले नव्हते, तरी ती त्यांविषयी पाहिल्यासारखे बोले. मोमाडे म्हणतात, ही स्मृती तिच्या रक्तात होती. या 'रक्तातील स्मृती'वर पुढे बराच वाद झाला. अर्नल्ड क्रुपाट या समीक्षकाने १९८९ मध्ये ही कल्पना वंशवादी ठरवून तिच्यावर कठोर टीका केली. आम्ही क्रुपाट यांच्याइतके कठोर होणार नाही, पण मोमाडे यांचेही म्हणणे मान्य करणार नाही. रक्तात काही नसते. असते ते आजीच्या आजीच्या तोंडात. त्या डोंगरांचे वर्णन आहोने कोणाच्या तरी मांडीवर बसून ऐकले, आणि नातवाने तिच्याजवळ बसून. रक्त म्हटले की हे ऐकवण्याचे कष्ट दिसेनासे होतात. आणि पुस्तकातील पुरावा लेखकाच्याच विरुद्ध जातो. लेखकाची एक पूर्वज काउ-आउ-ऑइन्टी ही मेक्सिकन. आठदहा वर्षांची असता कायोवांनी तिला पळवून आणले होते. तिच्या रक्तात उत्तरेचे डोंगर कोठून येणार? तरीही ती कायोवा झाली, गुलामीतून वर आली, गुरांच्या मोठ्या कळपाची मालकीण झाली, आणि तिच्याच वंशात मॅमेडाटी जन्मला. लेखकाच्या आईचेही तेच. तिने नाव घेतले, शिकली, सासरचे लोक सोसले, आणि झाली. हे जर रक्त असेल तर ते मिळवलेले रक्त आहे.

या सर्व प्रकरणांत बाण करणाऱ्याची कथा आम्हांस सर्वश्रेष्ठ वाटते. रात्री एक मनुष्य बायकोजवळ तंबूत बसून बाण सरळ करीत आहे. कायोवा कारागीर बाण दातांनी सरळ करीत. तंबूच्या शिवणीतल्या फटीतून कोणी आत पाहत आहे असे त्यास कळते. तो घाबरत नाही; काम करीत करीत, बायकोशी बोलल्यासारखे, बाहेरच्यास आपल्या भाषेत सांगतो की, तू कायोवा असशील तर तुला माझे बोलणे समजेल, आपले नाव सांग. उत्तर येत नाही. तो बाण धनुष्याला लावून पाहतो, इकडे नेम धरतो, तिकडे धरतो, बोलणे चालू ठेवतो, आणि अखेर नेम त्या फटीवर येतो तेव्हा सोडतो. शत्रू मरतो. एवढीच कथा. दुसऱ्या परिच्छेदात चांगल्या बाणावर दातांच्या खुणा असतात ही माहिती. तिसऱ्यात चेनी नावाचा म्हातारा, जो मॅमेडाटीच्या घरी येत असे, बाण करीत असे, आणि उगवत्या सूर्यास मोठ्याने प्रार्थना करीत असे. लेखकाच्या वडिलांनी तो लहानपणी पाहिला होता.

तीन परिच्छेदांत येथे काय घडले ते पाहावे. पहिल्यात प्राण वाचतो तो बाणाने नव्हे, भाषेने; बाण नंतर सुटतो. मनुष्य आपला सर्व जीव एका वाक्यावर ठेवतो आणि वाट पाहतो. दुसरा परिच्छेद आपणास जमिनीवर आणतो. बाण, दात, लाकूड. तिसऱ्यात एक प्रत्यक्ष म्हातारा दारात येतो, आणि वाचकास कळते की कथेतला मनुष्य व हा म्हातारा यांच्यात फार अंतर नाही. पण कथेच्या पोटात एक काटा आहे, तो लेखकाने उघडून दाखवला नाही. तंबूबाहेर उद्या खुद्द नातूच उभा राहिला, आणि आतल्या म्हाताऱ्याने त्यास कायोवा भाषेत नाव विचारले, तर? त्याला नाव ठाऊक आहे, पण प्रश्न समजेल का? हे पुस्तक इंग्रजीत लिहिले आहे. मोमाडे यांनी स्टॅनफर्ड येथे आयव्हर विंटर्स यांच्या हाताखाली काव्याचा अभ्यास केला, १९६३ साली डॉक्टरेट मिळवली. त्यांची इंग्रजी घोटीव, स्वच्छ आहे. त्या स्वच्छतेत हे भय कोठेतरी आहे, असे आम्हांस प्रत्येक वाचनात वाटते. दुसऱ्या राज्याच्या शाळेत मराठीचा तास राखून ठेवण्यासाठी दर जूनमध्ये पटसंख्या मोजणाऱ्या आमच्यासारख्यास ते वाटले नसते तरच नवल.

नावाविषयी या पुस्तकात एक टिपण आहे, त्याचा आशय असा की, कायोवा लोक मृताचे नाव उच्चारीत नसत. मृत मनुष्य आपले नाव बरोबर घेऊन जगाबाहेर जातो, ते उच्चारणे म्हणजे अनादर व असत्यही. आमच्याकडे नवऱ्याचे नाव न घेण्याची रीत होती. घ्यावयाचे तर उखाण्यात गुंफून. तेथे नाव माणसाच्या मालकीचे. तो ते जन्मी दुसऱ्यास देऊ शकतो, स्वतः बिननावाचा राहू शकतो. या रीतीच्या लोकांत 'नावे' या शीर्षकाचे पुस्तक लिहून त्यात मॅमेडाटी, आहो, पोडलोक अशी गेलेल्यांची नावे पानोपानी छापणे हे धाडस होते. मॅमेडाटी १९३२ साली, नातवाच्या जन्मापूर्वी दोन वर्षे वारला. नातवाने त्यास पाहिले नाही. तरी त्याची किती लहान लहान चित्रे येतात! एकदा त्याने चिचुंदरीसारख्या प्राण्यास बिळाच्या तोंडाशी माती फुंकून बारीक करताना पाहिले. एकदा हट्टी घोड्यावर संतापून बाण सोडला, नेम चुकला, आणि दुसऱ्याच घोड्याच्या मानेत तो घुसला. सद्गुणांची यादी देणारी आमची चरित्रे लिहिणारांनी हा घोडा जरूर पाहावा. आजोबांचा राग ज्यास सांगता येतो त्याचा आदर आम्ही खरा मानतो.

'हाउस मेड ऑफ डॉन' विषयी दोनच शब्द, आणि तेही खेळाच्या शिक्षकांसाठी. कादंबरी पहाटेच्या धावण्याने उघडते आणि त्यानेच मिटते. महायुद्धावरून परतलेला आबेल, दारू, तुरुंग, शहर यांतून मोडून गेलेला, आजोबा वारल्यावर गावच्या धावणाऱ्यांमागून धावू लागतो. आजोबाही तरुणपणी असाच धावला होता. ही शर्यत घड्याळासाठी नाही, शिकार व पीक चांगले यावे म्हणून आहे. या गावचे धावणे कादंबरीपुरते नव्हते : जेमेझच्या स्टीव्ह गाचुपिन याने पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरील शिखराची मॅरेथॉन १९६६ पासून १९७१ पर्यंत सलग सहा वर्षे जिंकली. आमच्या क्रीडाशिक्षकांस ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी प्रथम विचारले ते धावपटूंच्या आहाराविषयी. दुसऱ्या दिवशी मात्र पुस्तक मागून नेले.

'द वे टू रेनी माउंटन' मराठीत आणण्याचा प्रयत्न आम्ही सुट्यांतून करीत आहो. तीन परिच्छेदांस तीन मराठी हव्यात. पहिल्यास कहाणीची मराठी चालते, श्रावणातील कहाण्यांची, आटपाट नगर सोडून. दुसऱ्यास बखरीची चालत नाही, ती फार रंगेल आहे. जुन्या गॅझेटियरच्या भाषांतरातली शुष्क मराठी चालते. तिसऱ्यापाशी अडते. लेखकाची आठवण इंग्रजीत घरगुती वाटते, मराठीत तिला आमच्या घराचा वास येऊ लागतो, आणि कायोवा घर पुसले जाते. बारा प्रकरणे झाली आहेत. तेरावे बाण करणाऱ्याचे. त्यातील तो प्रश्न, नाव विचारणारा, त्याने बायकोशी बोलल्यासारखा सहज बोलला पाहिजे, आणि बाहेरच्यास उद्देशूनही असला पाहिजे. 'तू' म्हणावे की 'आपण' की 'तुम्ही', यावर आमचा सारा मे महिना गेला. शत्रूही असेल, पाहुणाही असेल. सीमाभागात वाढलेल्या एका सहकाऱ्याने सुचवले की, आमच्याकडे दारातल्या अनोळख्यास "कोण ते?" म्हणतात, त्यात तू नाही, तुम्हीही नाही. तूर्त तेच घातले आहे.